वॉरंट आलं की माणूस रानात पळतो : पोलीस पाटलांना खुलं पत्र

तालुक्यातल्या सर्व पोलीस पाटील बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. एका वकीलसाहेबांकडे २२ वर्षं कारकून आहे. अर्ज टाईप करायचे, कोर्ट फीची तिकिटं चिकटवायची, नकलांसाठी खेटे घालायचे, तारखा डायरीत उतरवायच्या आणि जामीनदार न्यायाधीश साहेबांपुढे उभा राहण्याआधी त्याला ‘मोबाईल बंद करा, नाव मोठ्यानं सांगा’ असं बजावायचं, हे माझं काम. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. कोर्टाच्या गेटजवळच्या झेरॉक्सच्या टपरीवर आपली गाठ पडते, आणि तेव्हा बहुतेक वेळा तुमच्या गावातलं कुणीतरी आत असतं आणि त्याची बायको नाहीतर बाप तुमच्या मागे उभा असतो.

पत्र आत्ताच लिहितोय, कारण साखर कारखान्यांचा पट्टा पडतोय, म्हणजे हंगाम संपतोय, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे यायला लागल्यात. दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आमच्या ऑफिसात एकच वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येतं, “भाऊ, वारंट निघालंय म्हणं.” सहा महिने माणूस सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. इकडे कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा होतो. पुढच्या तारखेला पुन्हा होतो. तिसऱ्या तारखेला रोजनाम्यात ‘आरोपी गैरहजर, पकड वॉरंट काढावे’ एवढी ओळ पडते. पहाटे चारला कोयता घेऊन उठणाऱ्याला फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत बसून हे कळणार कसं?

मागच्या वर्षी घडलेलं सांगतो. नाव-गाव सांगत नाही, पण तुमच्यातल्या एकाला ते कळेलच. बांधावरच्या भांडणाची सात वर्षं जुनी केस. मारहाण, शिवीगाळ, धमकी, एवढीच कलमं. तेव्हा जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सुटलेला. नंतर दोन हंगाम तारखांना आला नाही, वकिलाला फोन नाही, हजेरी माफीचा अर्ज नाही. वॉरंट निघालं. शनिवारी संध्याकाळी हवालदार मोटारसायकलवरून गावात आले, चावडीपाशी त्याचं घर विचारलं, आणि हवालदार घरी पोचायच्या आत हा मागच्या भिंतीवरून उडी मारून पसार. रात्र शेततळ्याच्या कडेला काढली, सकाळी बहिणीच्या गावाला. तिथे पाच आठवडे. मधल्या काळात गावातल्याच एका ‘ओळख असलेल्या’ माणसाने बायकोकडून चार हजार घेतले, ‘वारंट मिटवतो’ म्हणून. मृगाचा पाऊस पडला तसा हा पेरणीला परत आला आणि तिफणीवरून उचलला गेला.

कोर्टापुढे उभा केला तेव्हा साहेबांनी फाईल चाळली, गैरहजेरी मोजली आणि १५ हजारांचा एक जामीनदार द्यायला सांगितला. मेहुणा सातबारा घेऊन आला. त्याचं गाव दहा किलोमीटरवर, पण जिल्ह्याच्या हद्दीपलीकडचं. खिडकीवर त्याला सांगण्यात आलं, ‘बाहेरच्या जिल्ह्याचा चालत नाही.’ गावातल्या चौघांनी हात वर केले. बाई खताच्या रिकाम्या पिशवीत कागद घेऊन आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसून असायची. माणूस अकरा दिवस आत राहिला आणि पेरणी गेली. पुढे दोन महिन्यांत ती केस आपसात मिटली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावातून शनिवारी रात्री पोलीस पाटलांचा मला फोन आला. असंच वॉरंट, अशीच जुनी केस. पाटील म्हणाले, “हवालदारांशी बोललो, माणूस सोमवारी स्वतः हजर होतो म्हणून सांगितलंय, तुम्ही अर्ज तयार ठेवा.” सोमवारी पावणेअकराला तो माणूस आला. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, सोबत कारखान्याच्या स्लिपा आणि टोळीच्या मुकादमाची चिठ्ठी. साहेब रागावले, ५०० रुपये दंड लावला आणि वॉरंट रद्द केलं. साडेतीनच्या गाडीने माणूस घरी. या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या एका फोनमुळे, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

आता वॉरंटचा कागद. तुमच्यापैकी कितीजणांनी तो नीट वाचलाय? हवालदारांच्या हातातली घडी बघूनच गाव घाबरतं. पकडायला आलेल्याने वॉरंटमध्ये काय आहे ते सांगायलाच पाहिजे, आणि मागितलं तर कागद दाखवायलाही पाहिजे. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तेव्हा अदबीनं मागून घ्या. वर कोर्टाचं नाव, केस नंबर. आर.सी.सी. असेल तर बहुधा पोलिसांची केस, एस.सी.सी. असेल तर आपल्याकडे दहातल्या आठ वेळा पतसंस्थेचा न वटलेला चेक. (कर्ज घेताना कोऱ्या चेकवर सह्या देणारी आपली जनता. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) खाली न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का. सही-शिक्का नाही तर ते वॉरंट नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती मागची किंवा तळची ओळ. अमुक रकमेचा मुचलका, इतके जामीनदार आणि अमुक तारखेला हजर राहण्याची हमी घेऊन सोडावे, असं लिहिलेलं असेल तर ते जामीनपात्र वॉरंट. म्हणजे ठाण्यातच कागद करून माणसाला सोडायचं असतं, आणि ते कागद पोलिसांनी कोर्टाकडे पाठवायचे असतात. अशा वॉरंटला घाबरून पळणारी माणसं मी पाहिली आहेत. दाराशी आलेली सुटका टाकून पळाली बिचारी. ती ओळ नसेल तर ते अजामीनपात्र, आपलं पकड वॉरंट. यात ठाण्यात सुटका होत नाही. कोर्टापुढे उभं करावं लागतं, तेही विनाविलंब, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत.

इथे एक घोळ मी रोज निस्तरतो. गुन्हा जामीनपात्र असणं वेगळं आणि वॉरंट जामीनपात्र असणं वेगळं. बांधाच्या भांडणाचा गुन्हा जामीनपात्र, चेकचाही जामीनपात्र. तरी तारखा बुडवल्या तर त्यातही पकड वॉरंट निघतं. अजामीनपात्र म्हणजे जामीनच नाही, असंही नव्हे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या मर्जीवर असतो. कोर्ट बघतं की माणूस पळेल का, साक्षीदारांना दमदाटी करेल का, गुन्हा किती गंभीर आहे. फरक एवढाच. मात्र यात एक मेख आहे आणि ती गावात कुणाला माहीत नसते. जामीनपात्र गुन्ह्यात एकदा सुटल्यावर माणूस ठरल्या तारखेला आला नाही, तर त्याच केसमध्ये पुढच्या वेळी कोर्ट जामीन नाकारू शकतं. नव्या संहितेचं कलम ४७८, पोटकलम २. हातात असलेला हक्क माणूस गैरहजर राहून घालवतो. वर, जामिनावर सुटून सबबीशिवाय हजर न होणं हा स्वतंत्र गुन्हा आहेच.

पळून गेल्याने वॉरंट शिळं होत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं, मग पाच वर्षं जावोत की पंधरा. ठाण्यात कुणाला पैसे देऊन ते ‘मिटत’ नाही. फार तर एक शनिवार टळतो. ते देशात कुठेही बजावता येतं, त्यामुळे बेळगावच्या फडावर गेलो म्हणजे सुटलो, हेही खरं नाही. उलट फरारी राहिला तर कोर्ट उद्घोषणा काढतं, ती गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, घरावर चिकटवतात, आणि पुढे मालमत्तेवर जप्ती येते. ते चिकटवायला येतात तेव्हा सोबत तुम्हीच असता, त्यामुळे जास्त सांगत नाही.

परजिल्ह्यात पकडलं तर काय, असं मुकादम मला विचारतात. वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत किंवा तिथल्या मॅजिस्ट्रेटपेक्षा जवळ नसेल तर त्या मॅजिस्ट्रेटपुढे नेतात, आणि गुन्हा जामीनपात्र असून माणूस जामीन द्यायला तयार असेल तर तिथेच जामीन होऊ शकतो. पण फडावर जामीनदार आणायचा कुठून? मुकादम राहतो का? (एकदा एक राहिला होता. त्या माणसाच्या अंगावर उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम होती, माणूस हवा होता त्याला.)

आता माझ्या मनातला खरा विषय, जामीनदार. गावात जामीन राहणं म्हणजे सातबारा गहाण टाकणं, अशी समजूत घट्ट बसली आहे. भावाला भाऊ जामीन राहत नाही. ‘त्यानं काही केलं तर मी आत जाईन’ असं म्हणतात. जामीनदार आरोपीच्या गुन्ह्याला जबाबदार नसतो. तो फक्त एवढं म्हणतो की हा माणूस तारखेला येईल, नाही आला तर कागदावर लिहिलेली रक्कम मी भरेन. माणूस आला नाही तर कोर्ट आधी नोटीस काढून खुलासा मागतं, रकमेत सूटही देऊ शकतं. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवण्याची तरतूद आहे. पण मधेच विश्वास उडाला तर जामीनदाराला कधीही अर्ज करून मोकळं होता येतं, आणि हे कुणी सांगतच नाही. त्यामुळे ‘जन्माचं बांधून घेतलं’ ही भीती खोटी आहे. तुम्ही पारावर बसून हे चार लोकांना सांगितलंत, तर आमच्या पायरीवर ताटकळणारी चार माणसं कमी होतील.

गावात जामीनदार मिळाला नाही की लोक गेटबाहेरच्या भाडोत्री जामीनदाराकडे जातात. सातबारा कुणाचा, फोटो कुणाचा, आणि दर रोख. हा सरळ फसवणुकीचा मामला आहे. जामीनदाराला आपण याआधी किती जणांना जामीन आहोत हे कोर्टाला लिहून द्यावं लागतं. खोटं निघालं की आरोपी परत आत आणि नवीन गुन्हा डोक्यावर. तुमच्या गावचा माणूस त्या टोळक्याशी बोलताना दिसला तर खांद्याला धरून बाजूला घ्या.

आणि बाहेरच्या जिल्ह्याच्या जामीनदाराचं म्हणाल, तर हा प्रश्न १९७८ सालीच सुटायला हवा होता. मध्य प्रदेशातला एक गवंडी. त्याला १० हजारांचा जामीनदार मागितला, भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या हुकमाचे वाभाडे काढले आणि त्या गवंड्याला स्वतःच्या १ हजाराच्या मुचलक्यावर सोडलं. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, असं त्या निकालाचं नाव. २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नये. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा. आमच्या त्या माणसाच्या वेळी हे निकाल अर्जाला जोडले, तेव्हा बाराव्या दिवशी मेहुणा चालला. पहिल्या दिवशी जोडले असते तर? चूक आमच्या ऑफिसची, म्हणजे माझीही. खिडकीवरचं तोंडी ‘चालत नाही’ मी ऐकून घेतलं, साहेबांपुढे लेखी अर्ज ठेवायला हवा होता.

गरिबाला आणखी दोन दारं उघडी आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो निर्धन आहे असं कायदाच गृहीत धरतो आणि त्याला स्वतःच्या मुचलक्यावर सोडायचं असतं. दुसरं, कोर्ट परवानगी देईल तर जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरता येते. आपल्याकडे बऱ्याचदा तात्पुरता रोख जामीन घेऊन जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत देतात. हे अर्ज केल्याशिवाय मिळत नाही, आणि अर्जाला वकील लागतो. वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या माणसाला, मग त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. बायकांनाही मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे सरकारी खर्चाच्या वकिलांचं ऑफिस, आणि फोन १५१००. मी ज्यांच्याकडे नोकरी करतो त्यांचं यात नुकसानच आहे, तरी सांगतोय. वकीलसाहेबांनीच लिही म्हणून सांगितलं.

बिगर वॉरंटच्या अटकेबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे तुमच्या हातात कमी असतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेशकुमार निकालात सांगितलं. नोटीस आली तर माणसाला ठाण्यात जायला लावा. नोटीस पाळली नाही की अटकेचं कारण आयतंच मिळतं. अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला नेत असतील तर सोबत महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी आहे का, एवढं विचारायला तुम्ही बिचकू नका. तुमचं पद १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने आलेलं आहे, कुणाच्या मेहरबानीने नाही.

हल्ली एक नवंच लोण आलंय. मोबाईलवर व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, व्हॉट्सअॅपवर सिंहाच्या शिक्क्याचं वॉरंट, ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन ठेवू नका, पैसे पाठवा’. निवृत्त गुरुजींसारखी शहाणी माणसं यात बुडाली. डिजिटल अटक नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. नव्या कायद्याने समन्स मोबाईलवर येऊ शकतं हे खरं, पण वॉरंट घेऊन माणूस दाराशी येतो आणि कुठलंही कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. असा कॉल आला की फोन कापायचा आणि १९३० वर तक्रार करायची.

पोटगीच्या वॉरंटचं मात्र वेगळं आहे. तिथे थकलेली रक्कम भरणं हाच मार्ग, आणि त्या माणसासाठी मला फोन करू नका. बाईसाठी करा.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो. वॉरंट घेऊन हवालदार आले की माणसाला पळवू नका, आणि ‘मी तर काही पाहिलं नाही’ असंही करू नका. कागद वाचा, केस नंबर आणि पुढची तारीख वहीत लिहून घ्या. शनिवारी पकडलं तर रविवारी सुट्टीच्या कोर्टापुढे नेतात, तिथे मूळ फाईल नसते, आणि माणूस सोमवारपर्यंत कोठडीत बसतो. म्हणून शनिवारी कळलं तर शनिवारीच वकिलाला फोन करा. आपण होऊन हजर झालेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं, हे मी २२ वर्षं पाहतोय. पकड वॉरंट हे माणूस मुद्दाम टाळतोय अशी खात्री पटल्यावर काढायचं शेवटचं हत्यार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा मुद्दाम टाळलं नाही हे दाखवणारा प्रत्येक चिटोरा कामाचा. कारखान्याची स्लिप, मुकादमाचा करार, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीटसुद्धा.

आणि दसऱ्याला टोळ्या निघतात, त्याच्या आधी एकदा गावात विचारा, कोर्टात कुणाकुणाची केस चालू आहे? त्या सगळ्यांना जाण्यापूर्वी वकिलाकडे पाठवा. हजेरी माफीचा अर्ज एक पानाचा असतो. मान्य होईलच असं नाही, पण फाईलवर तो अर्ज असेल तर ‘गैरहजर’ या शब्दापुढे कारण लिहिलेलं असतं. ट्रॅक्टर गावाबाहेर पडायच्या आदल्या दिवशी मला एकदम सात जण भेटायला येतात आणि मी एकटा टाईप करतो, तेव्हा कृपा करून आठवडाभर आधी पाठवा.

जामीनदाराला आणताना एवढं पाहा: चालू वर्षाचा सातबारा आणि आठ अ, मागितला तर तहसीलचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स गावातूनच आणा, गेटवरच्या टपरीवाल्याची मशीन महिन्यातून दहा दिवस बंद असते. कोर्ट अकराला बसतं, पण मी दहापासून ऑफिसात असतो.

आपला,
एका वकीलसाहेबांचा कारकून